नववा फुटवा

१

आबांचा कान ही काय चीज होती, हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. आबा म्हणजे सूनबाईचे सासरे. पन्नास वर्षं लाकडाची धनुष्यं केलेला माणूस. गेल्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी त्यांची उजवी बाजू गेली आणि ते खाटेला खिळले. पण खाट कामाच्या खोलीला लागूनच होती, मधे फक्त फळ्यांची भिंत. अलीकडे सूनबाई लाकूड खरवडत असायची, पलीकडे आबा डोळे मिटून पडलेले असायचे, आणि मधेच आवाज यायचा, "मुठीच्या वर चार बोटं. तिथं जास्त जातंय."

सूनबाई अंगठा फिरवून बघायची. चार बोटंच. ना तीन, ना पाच.

"आबा, तुम्ही झोपा की जरा."

"तू नीट खरवड, म्हणजे लागेल झोप."

घर एकापाठोपाठ एक अशा तीन खोल्यांचं. रस्त्याकडे कामाची खोली, मधे आबांची, मागे स्वयंपाकघर. नवरा सकाळी बस घेऊन ड्यूटीवर जायचा तो दिवेलागणीला परतायचा. त्यानं या धंद्याला कधी हात लावला नाही. "हा लाकडाला शिवला की लाकूड रजा मागतं," असं आबा त्याच्या तोंडावर म्हणत, आणि तोही खो खो हसे. एकुलती एक लेक सतरा वर्षांची, परगावी शिकायला. अकरा वर्षांपूर्वी ती शाळेत रमली आणि आईचे हात मोकळे झाले, तेव्हा सुरी उचलली ती सुनेनं.

कामही असं, की एकदा लागलं की सुटत नाही. मनगटाएवढा जाड, सरळ फुटवा घ्यायचा. साल सोलायची. जी बाजू धनुष्याची पाठ होणार, तिला सालीनंतर सुरी लावायची नाही. पाठीची एक नस तुटली तरी धनुष्य तिथूनच फाटतं. जे काय तासायचं ते पोटाकडून, म्हणजे आतल्या बाजूनं. मग दोरी लावून त्याला भिंतीवरच्या खाचांच्या फळीवर चढवायचं, दोरी पहिल्या खाचेत अडकवायची आणि दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून, एक डोळा मिटून बघायचं. कुठं ताठ राहिलंय? तिथं चार हात खरवडायचं. पुन्हा दोरी तीस वेळा हळूहळू ओढायची, सोडायची. आबा याला शिकवणं म्हणत. एका दिवसात एकच खाच. घाई केली की लाकूड कुठंतरी आत बारीकसं टक् करतं, आणि मग सगळं मुसळ केरात.

आबांचा एक नियम मात्र सूनबाईला विक्षिप्त वाटे. दोरी ताणलेली असताना 'वा' म्हणायचं नाही. कुणी वाहवा केली की हात सुटतो, आणि बाणाशिवाय दोरी सुटली तर धनुष्याचे दोन तुकडे होतात. पण हा माणूस दोरी उतरवल्यावरही वा म्हणत नसे. अकरा वर्षांत तिला मिळालेलं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे "बरं आहे." तेही दोनदा.

नाही म्हणायला एकदा त्यांनी कौतुक केलं होतं, ते लग्नाआधी. तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आबा दोन पावलं मागे सरले होते, मान तिरकी केली होती, एक डोळा मिटला होता आणि म्हणाले होते, "सरळ आहे. गाठ कुठं दिसत नाही." घरात हा किस्सा वीस वर्षं चालला. लेक जन्मली, वाढली, आईच्याही वर चार बोटं गेली. सूनबाईनं तिला लहानपणापासून एकच धडा दिला होता, ताठ उभी राहा.

२

वस्तीच्या टोकाला, ओढ्यापलीकडे, एक जुना खुंट आहे. मूळ झाड कधी तोडलं ते आबांनाही ठाऊक नव्हतं. दर काही वर्षांनी त्या खुंटातून फुटवे येतात, कसे, तर आकाशाशी स्पर्धा लावल्यासारखे सरळ. या घराची उत्तमातली उत्तम धनुष्यं त्याच लाकडाची. थंडीत, रस खाली उतरलेला असताना ते तोडायचे, आणि एक मागे ठेवायचा. उरलेसुरले वेडेवाकडे नाही. सगळ्यांत चांगला असेल तो.

"चांगला का?" सूनबाईनं पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"ठेवायचा म्हणजे ठेवायचा. माझे वडील ठेवत."

आठवड्याभरानं खुंटाकडे जावं तर मागे ठेवलेला फुटवा नसायचा. मोडलेला नाही, ओरबाडलेला नाही. बुडाशी स्वच्छ कापलेला. सूनबाईनं तो काप बोटानं चाचपून पाहिला होता. असा काप आबांच्या सुरीलाही जमत नसे.

"कोण नेतं हो?"

"ज्याला लागतो तो नेतो," आबा म्हणाले आणि विषय संपला.

त्या थंडीत ती पहिल्यांदा एकटी गेली. नऊ फुटवे होते. एका तिरंदाजी संघाला आठ धनुष्यं हवी होती, तिनं आठ तोडले, मोळी बांधली आणि नवव्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. बुडापासून शेंड्यापर्यंत एक गाठ नाही, एक पीळ नाही. अकरा वर्षांत तिनं असं लाकूड हातात घेतलं नव्हतं, कारण असं लाकूड नेहमी मागेच राहायचं. या लाकडाचं धनुष्य झालं तर आबांच्या तोंडून 'वा' निघेल, असं तिला वाटलं. आबांचे दिवस किती राहिलेत, हेही वाटलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, कुणीही नव्हतं, आणि नववाही तोडला.

घरी आल्यावर तिनं मोळी सोडून फुटवे एकेक करून जमिनीवर ठेवले. पलीकडे आबा गप्प होते. तीही मूग गिळून बसली.

३

आठ धनुष्यं झाली, गेली. नववं तिनं शेवटी हातात घेतलं. त्या लाकडाबद्दल काय सांगावं! सुरी लावली की लोण्यासारखं सुटायचं, पण वाकवलं की मागं उसळायचं. दोन दिवसांत दुसऱ्या खाचेपर्यंत आलं. एकदाही टक् नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात जेवत होती. पलीकडून खरवडण्याचा आवाज येत होता. लांब, एका मापाचे हात, मधे जराही खंड नाही. सूनबाई दोन घास त्या आवाजाच्या नादातच जेवली. कान तृप्त होत होते. तिसऱ्या घासाला तिच्या ध्यानात आलं, की खरवडणारी ती स्वतः तर इथं बसलीय.

ती हात न धुताच उठली. आबांच्या खोलीतून कामाच्या खोलीत गेली तोवर आवाज थांबला होता. रस्त्याकडचं दार आतून बंद. धनुष्य फळीवर, तिनं सोडलं तसं. खाली नवी ढलपी एकही नाही. शेजारच्या गल्लीत कुणी तरी भांडं घासत असेल, तिनं स्वतःला समजावलं. दुपारच्या शांततेत आवाज कुठून कुठं येतात.

ती परत फिरली तर आबा जागे होते. डाव्या डोळ्यात पाणी होतं.

"आज बसला तुझा हात," ते म्हणाले. "वा. वा गं मुली."

अकरा वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो हा असा आला. मी जेवत होते आबा, असं सांगायला तिनं तोंड उघडलं. मग मिटलं. जे काम तिनं केलंच नव्हतं त्याची वाहवा तिनं निमूटपणे घेतली, आणि उरलेलं जेवण तिला गेलं नाही.

४

आवाज रोज यायला लागला. जेवायच्या वेळी, ती स्वयंपाकघरात असतानाच. आधी खरवडणं, मग तीस वेळा काहीतरी सावकाश ताणल्यासारखं, सोडल्यासारखं. ती मोजायची. तीसच असायचे.

दरम्यान एक चांगली गोष्ट घडत होती. आबांचा आखडलेला हात सुटायला लागला. दर दोन दिवसांनी व्यायामाच्या बाई यायच्या, आबांचे हातपाय हलवून द्यायच्या. त्यांनी आबांचा उजवा पाय उचलला आणि त्या थबकल्या.

"रोज कोण व्यायाम करून घेतं यांच्याकडून?"

"कुणी नाही. का?"

"असं कसं? आजारी माणसाचा सांधा एकीकडे सुटतो, एकीकडे अडतो. हे बघा, घोट्यापासून मानेपर्यंत सगळं एकसारखं वाकतंय. ज्यानं कुणी केलंय त्याला मानलं पाहिजे." मग त्या हसल्या. "लपवू नका हो, मला पण शिकवा."

नवरा तर हरखूनच गेला. येताना पेढे घेऊन आला, आबांना एक भरवलाही. सगळे खूश असताना सूनबाईच्या मनात मात्र पाल चुकचुकली. एकसारखं वाकतंय, हे शब्द लाकडासाठी वापरायचे होते.

त्या दिवशी आबांची चादर बदलताना तिला ढलपी सापडली. वीतभर लांब, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, छान गोल वळलेली. अशी अखंड ढलपी काढायला हात किती स्थिर लागतो हे तिला माहीत होतं. तिनं ती खिडकीच्या उजेडात धरली. तिच्यात लाकडाची एकही रेघ नव्हती. बारीक बारीक छिद्रं होती, आणि एक पांढरा केस.

म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी होते, सुटते, असं ती स्वतःशी मोठ्यानं म्हणाली. अंग पुसताना तिनं आबांना कुशीवर वळवलं. पाठ गुळगुळीत होती, तिथं कुणी हात लावलेला नव्हता. पोट आणि छाती मात्र पहिल्यापेक्षा खूप पातळ दिसत होती.

५

दुसऱ्या दिवशी ती जेवायला गेलीच नाही. कामाच्या खोलीत चौरंगावर बसली, हात मांडीवर ठेवून. समोर नववं धनुष्य भिंतीवर टांगलेलं, दोरी उतरवलेली. बाहेर रस्त्यावर सायकल गेली. कुठंतरी नळ गळत होता.

आवाज सुरू झाला, भिंतीच्या पलीकडून.

तेव्हा तिला कळलं. इतके दिवस स्वयंपाकघरातून ऐकताना तिला वाटत होतं, आवाज पार कामाच्या खोलीतून येतोय, कारण खरवडायची जागा ती. आबांना पलीकडे पडल्यापडल्या वाटत असणार, सूनबाई अलीकडे खरवडतेय. आणि काम चाललं होतं ते मधल्या खोलीत.

तिला उठवेना. भीती होतीच. पण खरं सांगायचं तर ती ऐकत होती. चार लांब हात, दोन आखूड, मग थांबणं. त्या थांबण्यात तिला दोन पावलं मागे सरल्याचा आवाज आला. मग ताणणं सुरू झालं, आणि प्रत्येक ताणासरशी आबांचा एक श्वास. तीस श्वास. कुठंही हिसका नाही, घाई नाही. एखाद्यानं जन्मभर हेच केलं असेल, त्याच्याही बापानं हेच केलं असेल, असं काम.

तिसाव्या श्वासानंतर ती धावत आत गेली. आबा एकटेच होते. उताणे पडलेले, पण मान आणि टाचा खाटेला टेकत नव्हत्या. दोन्हीकडे बोटभर अंतर होतं, अगदी सारखं.

"आबा, दुखतं का?" तिनं रडतरडत विचारलं.

"नाही गं. कसलं दुखतंय. शिकवतोय तो. एकदम ओढत नाही."

६

मग तिनं सांगून टाकलं. "आबा, मी नववाही तोडला."

"ठाऊक आहे. जमिनीवर ठेवलेस तेव्हा मोजले मी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पन्नास वर्षं चांगलं ते दुसऱ्यासाठी ठेवून आलो. मलाही बघायचं होतं, त्या लाकडाचं काय होतं ते. त्या दिवशी आवाज ऐकला आणि वाटलं, झालं, पोरगी शिकली. दोन दिवसांनी अंगाला कळलं, की हा हात तुझा नाही."

"मी ते परत नेऊन ठेवते. आत्ता जाते."

"तासलेलं लाकूड परत फुटवा होतं का? त्याला कामाला काही राहिलं नाही, मग हाताशी होतं ते घेतलं. जुनं, वाळलेलं, अर्धं मेलेलं. तरी बघ, कसं वळवलंय." त्यांच्या आवाजात अभिमान होता. स्वतःच्या कामाबद्दलही ते कधी असं बोलले नव्हते. "माझ्या हातून हे झालं नसतं, मुली. तुझ्याही नाही होणार."

"मी नाही होऊ देणार. मी इथंच बसते. उद्या, परवा, रोज बसते."

"बस. पण एक ऐक. पुरी दोरी ताणलेली असेल तेव्हा मधे येऊ नकोस. आणि आलीसच तर तोंड उघडू नकोस. त्यानं हळू सोडलं तर मी राहीन. नियम तुला माहीत आहे."

नवऱ्याला तिनं रात्री जेवताना सांगून पाहिलं, आबांना दवाखान्यात नेऊ या म्हणून. तो म्हणाला, "बरे होतायत तर दवाखाना कशाला?"

७

सकाळपासून ती आबांच्या खाटेशी बसून होती, त्यांचा डावा हात हातात घेऊन. व्यायामाच्या बाईंना तिनं दारातूनच परत पाठवलं. बारा वाजले. साडेबारा. काहीच झालं नाही. आबांनी तिला आपलं पहिलं धनुष्य मोडलं तेव्हाचा किस्सा सांगितला, दोघं हसलीसुद्धा.

"पाणी दे गं," आबा म्हणाले.

तांब्या उशाशीच होता. तिनं उचलला.

"हे कोमट झालंय. ताजं आण."

स्वयंपाकघर दहा पावलांवर. तिनं माठातून पेला भरला, आणि भरता भरताच तिच्या लक्षात आलं, की आबांनी तिला मुद्दाम उठवलंय. ती वळली. आबांच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. तिनं लोटलेलं नव्हतं.

फटीतून तिला दिसलं ते एवढंच.

आबांची फक्त कंबर खाटेला टेकली होती. धनुष्याची मूठ जागेवर, आणि दोन्ही टोकं सारखी वर आलेली. टाचेपासून टाळूपर्यंत एकच वळण, कुठं खाच नाही, कुठं ताठा नाही. आबांचे डोळे मिटलेले, चेहरा शांत. भिंतीवरच्या खुंटीखाली, कोपऱ्यात, कुणीतरी एक फुटवा टेकवून ठेवलेला होता. सालीसकट, सरळ, छतापर्यंत पोचणारा. मी कधी आणला हा, असं तिच्या मनात आलं.

मग तो फुटवा दोन पावलं मागे सरला. त्याचं वरचं टोक सावकाश एका बाजूला कललं.

ती लकब सूनबाईची स्वतःची होती. आबांची होती. काम पुरं झालं का ते बघणाऱ्या माणसाची होती. तिनंही नकळत मान तिरकी केली, एक डोळा मिटला आणि त्या वळणावरून नजर फिरवली, बुडापासून शेंड्यापर्यंत. तिच्या उभ्या जन्मात तिनं असं धनुष्य पाहिलं नव्हतं.

"वा," ती म्हणाली.

टक्, असा बारीकसा आवाज झाला.

पेला कधी पडला ते तिला कळलं नाही. आबा खाटेवर सपाट पडले होते. कोपऱ्यातलं ते आता तिच्याकडे वळलं होतं. त्याला डोळे असतील तर ते तिला दिसले नाहीत. पण त्याचं बघणं आधी तिच्या पावलांपाशी थांबलं, मग सावकाश वर वर येत गेलं, गुडघे, कंबर, मान, टाळू, आणि त्याचं टोक पुन्हा एका बाजूला कललं. तिनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा कोपऱ्यात खुंटी होती आणि खुंटीवर आबांचा सदरा.

८

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. नवरा ढसाढसा रडला, आणि शेवटच्या दिवसांत आबा किती सुधारले होते हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिला. सूनबाईनं तो एक शब्द कुणालाही सांगितला नाही. आबांना तिनं मारलं, आणि मारलं तेही कौतुकानं, हे कुणाला सांगून समजणार होतं?

नववं धनुष्य भिंतीवर टांगलेलं आहे. ते उत्तम आहे, हे तिला नाकारता येत नाही. त्याला तिनं पुन्हा दोरी लावली नाही.

त्यानंतर ती वाकून चालायला लागली. खांदे पुढे, पाठीला पोक, एक पाय जरा ओढत. गिऱ्हाइकं हळहळली, बिचारी कामानं वाकली. नवरा चिडवायचा, "आबांचं म्हातारपण तू घेतलंस का गं?" ती तशीच वाकून कामाला लागायची. एकटी असतानाही सरळ व्हायची नाही. दुपारच्या वेळी तर नाहीच.

पुढच्या थंडीत ती खुंट बघून आली. तीन फुटवे आले होते, करंगळीएवढे. कामाला यायला अजून चार-पाच वर्षं तरी हवीत.

त्यानंतर आठवड्यानं लेक सुट्टीला आली. न कळवता, भर दुपारी. आबांच्या दिवसकार्यानंतर वर्षभरात आणखी उंच झाली होती. सूनबाई जेवत होती ती हात तसाच घेऊन उठली. लेकीनं आबांच्या खोलीत बॅग टाकली, आईकडे पाहिलं आणि तिचं तोंडच उतरलं.

"आई! हे काय करून घेतलंस? सरळ उभी राहा ना. मला आयुष्यभर सांगत आलीस." आणि कसं ते दाखवायला ती स्वतः खांदे मागे घेऊन, हनुवटी वर करून, त्या खोलीच्या मधोमध ताठ उभी राहिली.

कामाच्या खोलीत कुणीही नव्हतं. फळ्यांच्या भिंतीपलीकडून दोन पावलं मागे सरल्याचा आवाज आला.

सूनबाईनं खरकटा हात लेकीच्या मानेवर ठेवला आणि सगळं बळ लावून तिला खाली दाबलं.

"आई, अगं, काय करतेस? दुखतंय!"

"वाक," ती म्हणाली. "आधी वाक. मग सांगते."